दहा वाजेपर्यंतचं पेट्रोल

गौरव, तो मोबाईल आधी पालथा घाल. तेजस्विनी, तू इकडे सरक, तिकडे धूर येतोय. हं. आता मी सांगतो ती उडतउडत कानावर आलेली गोष्ट नाही. भूपेंद्र माझ्याच खात्यातला. कागद कारखान्यात आम्ही एकवीस वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर काढली. थापा मारायचं त्याच्या अंगातच नाही. रजेच्या अर्जात कारण म्हणून ‘कंटाळा आला’ असं लिहिणारा माणूस तो. त्यानं हे मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर चहाचा कप तसाच ठेवून उठून गेला.

तारीख दहा डिसेंबर, दोन हजार तेवीस. वार रविवार. अमावस्येला अजून दोन दिवस होते, मी उगीच तिथी ओढून आणणार नाही.

भूपेंद्र दुपारी नेपानगरहून मोटरसायकलवर बुऱ्हाणपूरला निघाला तो एका साध्या कामाला. लोधीपुऱ्यात नामदेवकाकांकडे जायचं, एक पान वाचून दाखवायचं, बरोबर आहे का विचारायचं आणि इतवारा पेठेतल्या छापखान्यात फोन करून ‘छापा’ म्हणायचं. बस.

ते पान कशाचं, ते आधी ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वी आपल्या हवाई दलात राखीव तुकड्या असायच्या. आठवडाभर माणसं आपापली नोकरी करायची आणि रविवारी गणवेश चढवायची. विमान उडवणारे कोण, तर कुणी वकील, कुणी कॉलेजातला प्रोफेसर, कुणी जिनिंगवाल्याचा मुलगा. आणि खाली विमानं सांभाळणारे आमच्या कारखान्यातले फिटर, वायरमन, वेल्डर. पगारी फौजेतले त्यांना ‘इतवारवाले’ म्हणून चिडवायचे. तर अशा एका तुकडीची धावपट्टी आपल्याकडे होती, चांदनी स्टेशनापासून मैलभर आत, डोंगराच्या पायथ्याला. तुकडीचा नंबर मी सांगणार नाही. त्या लोकांची मुलंबाळं अजून आहेत. पुढे तुकडी मोडली, विमानं गेली, पट्टीच्या दोन्ही अंगांना केळीची लागवड आली. माणसं कारखान्यात परतली, म्हातारी झाली आणि एकेक करून गेली. त्यांचा इतिहास काही कुणी लिहिला नाही.

भूपेंद्रचे वडील कौतिकराव त्या तुकडीत कॉर्पोरल होते. घरात त्यांच्या आयुष्याचं वैभव म्हणजे तेवढं एकच. त्या मार्चमध्ये ते वारले. दिवस झाल्यावर भूपेंद्रनं मनात घेतलं की आप्पांच्या तुकडीची पुस्तिका काढायची. नऊ महिने त्यानं पत्रं लिहिली, फोटो गोळा केले, दिल्लीपर्यंत अर्ज केले. साठ पानं जुळली. त्यातलं सातवं पान अख्खं आप्पांचं. ते त्यानं मला वाचून दाखवलं होतं, आणि वाचताना गडी दोनदा थांबला होता. सोमवारी सकाळी छपाई सुरू होणार होती.

एकच जागा कच्ची होती. तुकडीनं सगळ्या वर्षांत एकच विमान गमावलं, सहासष्टच्या डिसेंबरात. कागदोपत्री लिहिलेलं होतं की वैमानिक योगेंद्र दिशा चुकला आणि डोंगरावर आदळला. त्या रात्री पट्टीवर हजर असलेल्यांपैकी नामदेवकाका तेवढे जिवंत होते. वय एक्याऐंशी. दिवाळीत पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलेलं, तेव्हापासून खाटेवर.

भूपेंद्र चारला पोचला. रुख्मिणीकाकूंनी चहा टाकला. काकांनी चश्मा लावून पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग चश्मा काढून छातीवर ठेवला.

“हे खोटं हाय, बेटा,” ते म्हणाले.

“काका, सरकारी कागदावरून घेतलंय मी.”

“तो कागद आमीच बनवेल होता. मी अन् तुझा बाप.”

भूपेंद्रनं चहाची बशी खाली ठेवली.

काका छताकडे बघत बोलायला लागले. “इतवार होता. डिसेंबरचा दुसरा. योगेंद्रसाहेब पाचला उडाले, हार्वर्ड विमान घेऊन. नागपूरपर्यंत जायचं, तिथं उतरायचं नाही, वळून परत यायचं. साडेसातपर्यंत यायले पाहिजे होते. पट्टीवर बिजली नव्हती. आमी झाऱ्या लावायचो. झारीसारखाच दिवा, लांब नळी, नळीत जाड वात. बारा झाऱ्या एका लाइनीत. साहेब ती लाइन डाव्या हाताले धरून उतरायचे. कायदा असा होता का आखरी विमान जमिनीवर आलं, नाहीतर त्याचं पेट्रोल संपायचा टाइम झाला, तरच दिवे विझवायचे. साहेबाच्या टाकीत दहापर्यंतचं पेट्रोल होतं.”

“मग?”

“आठ वाजले, आला नाही. मोठे साहेब सातलेच जीपमधी गेले होते, पट्टी कौतिकभाऊच्या हवाली. नागपूरले फोन लावला तर लाइन बंद. अन् पावणेनऊची पॅसेंजर आमची आखरी गाडी. ती गेली म्हणजे सकाळची सहाची पाळी गेली. आमी काय पगारी फौज होतो? सोमवारी आमाले मशीनीवर उभं राहायचं होतं. कौतिकभाऊ बोलला, ‘ढग असतील तिकडं. साहेब नागपुरातच उतरला असंल. चला.’ सवा आठले दिवे विझवले, बेटा. रजिस्टरमधी लिहिलं, दिवे दहापर्यंत चालू होते. त्यानं सही केली. खाली मी केली.”

रुख्मिणीकाकू दारात उभ्या होत्या.

“गाडी चांदनीतून सुटली,” काका म्हणाले. “अन् वरतून आवाज आला. हार्वर्डचाच. डब्यात आमी नऊ जण होतो. नऊच्या नऊ वर बघू राहिले होते, डब्याच्या छताकडं. नेपानगरले उतरलो, घरी गेलो, सकाळी पाळीवर गेलो... तिसऱ्या दिवशी असीरगडच्या मागं सापडला. आग नव्हती लागेल. लागंलच कशी? टाकी कोरडी होती.”

म्हणजे योगेंद्र दहापर्यंत फिरला होता. पायाखाली सगळा काळोख, आणि त्या काळोखात तो बारा दिवे शोधत होता. आणि सातव्या पानावर भूपेंद्रनं आप्पांबद्दल लिहिलं होतं, ‘कर्तव्यात एकदाही न चुकलेला माणूस.’

“हे मी छापणार नाही, काका,” तो म्हणाला. “आप्पांना जाऊन वर्ष पण नाही झालं.”

“नको छापू. बाप हाय तुझा.” काकांनी त्याचा हात धरला. हात गार होता आणि पकड घट्ट. “पण दिवे लावायला लागतीन. आज दुसरा इतवार हाय. दर साली मी अन् कौतिकभाऊ जायचो. तो घरी काय सांगे तुमाले?”

भूपेंद्रला आठवलं. दर डिसेंबरात एका रविवारी आप्पा बुऱ्हाणपूरला भजनाला जायचे. रात्री उशिरा परत यायचे आणि अंगाला रॉकेलचा वास असायचा. आई, मथुराबाई, म्हणायची की हे कसलं भजन.

“दहापर्यंत दिवे जळत ठेवले तर काहीच होत नाही. मच्छर चावतात, बस. एक साल नाही लावले. चौऱ्याऐंशीले. कौतिकभाऊले ताप होता, मी पोराच्या लग्नात...” काका थांबले. काकूंनी कपबश्या उचलल्या आणि त्या आत निघून गेल्या. काका हळू आवाजात म्हणाले, “साहेब रातभर फिरला. दहाले पेट्रोल संपतं ना, तरी फिरू राहिला होता. अन् पट्टीवर नाही. तुमच्या नेपानगरच्या क्वार्टरवर.”

भूपेंद्र तेव्हा पाच वर्षांचा होता. आप्पांनी एकदा मध्यरात्री घरातले सगळे दिवे लावले होते, न्हाणीतला सुद्धा, आणि तापानं फणफणलेल्या अंगानं कंदील घेऊन ते गच्चीवर उभे राहिले होते. आईनं भूपेंद्रचे कान दोन्ही हातांनी दाबून धरले होते. त्याला वाटायचं हे आपलं स्वप्न असेल.

आता त्याच क्वार्टरमध्ये त्याची बायको रश्मी होती आणि नऊ वर्षांची हिमानी.

“जातो मी,” तो म्हणाला.

“दहाच्या आधी विझवू नको, बेटा. एवढं एक ऐक.”

भूतबीत मानणारा भूपेंद्र नव्हे. पण घराचं नाव निघालं की माणूस वाद घालत नाही. सहाला अंधार पडता पडता तो चांदनीच्या आत, पट्टीला लागून असलेल्या केळीच्या मळ्यावर पोचला. मळा उखर्डूचा, पत्ता काकांनीच दिलेला. त्याच्या मोटारीच्या खोलीत, पाण्याच्या मोटारीमागे, बारा झाऱ्या ओळीनं ठेवलेल्या होत्या.

“कौतिकबाबाचे तुमी का?” उखर्डूनं विचारलं. “मले वाटलं औंदा कोणी येत नाही. घासलेट तर भेटत नाही आता, डिझल भरून देतो.”

त्यानं झाऱ्या भरल्या, बैलगाडीत घातल्या, पट्टीच्या कडेनं पन्नास-पन्नास पावलांवर एकेक उतरवून दिली. ओल्या पोत्याचा एक तुकडा हातात दिला, विझवताना नळीवर दाबायला.

“थांब ना थोडा वेळ,” भूपेंद्र म्हणाला.

“नाही भाऊ. अंधारात आमी इकडं नाही येत. झाऱ्या सकाळी नेईन मी.” आणि तो गेलाच. बैलसुद्धा जरा घाईनंच चालले, असं भूपेंद्रला वाटलं.

सातला त्यानं लायटरनं बाराही झाऱ्या पेटवल्या. पहिली मळ्याच्या बाजूला, तिथं त्याची मोटरसायकल. बारावी पार डोंगराच्या अंगाला. डिझेलची ज्योत धूर फार करते, पण उजेड लाल आणि मोठा पडतो. तो मोटरसायकलला टेकून बसला.

आठ वाजले. काही नाही. नऊ वाजले. काही नाही. लांब रुळांवरून एक मालगाडी गेली. थंडी वाढली, कानटोपी आणली नाही म्हणून त्यानं स्वतःला चार शिव्या दिल्या. मच्छर मात्र काकांनी सांगितल्याप्रमाणे होते. माणूस भीतीत बसला की आधी घाबरतो, मग कंटाळतो, आणि मग त्याला स्वतःचाच राग यायला लागतो. भूपेंद्रचं तेच झालं. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या मी, एका खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून डिझेल जाळत बसलोय. आप्पांनी केलं ते केलं. मी का भरायचं?

नऊ वीसला रश्मीचा फोन आला.

“अहो, कुठे आहात? छापखानेवाले भैया दोनदा फोन करून राहिले. पान फायनल का, म्हणे. और सुबह सहा की पाळी आहे ना तुमची?”

“निघतो,” तो म्हणाला. “अर्ध्या तासात निघतो.”

“अर्धा तास कशाला? आत्ताच निघा ना. जेवण गार झालं.”

त्यानं घड्याळ पाहिलं. दहाला चाळीस मिनिटं होती. चाळीस मिनिटांनी काय बिघडतं, असं तो मनाशी म्हणाला. सकाळची पाळी आहे, असंही म्हणाला. हे शब्द आपण आज दुपारीच कुणाच्या तरी तोंडून ऐकलेत, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

पोत्याचा तुकडा घेऊन तो चालत थेट बाराव्या झारीपाशी गेला. नळीवर पोतं दाबलं. ज्योत चुरचुरून मेली. मग अकरावी. मग दहावी. विझवत विझवत तो मोटरसायकलकडे परत येत होता. नववी. आठवी. सातवी झारी विझवून तो सरळ उभा राहिला. समोर सहा दिवे उरले होते. मागे सगळा अंधार.

आणि वरून आवाज आला.

आधी वाटलं, कुठल्या मळ्यात इंजिन चालू झालं. पण आवाज जमिनीवरून येत नव्हता. घरघरता, जुना, मधेच अडखळणारा. डोंगराच्या मागून आला, डोक्यावरून गेला, तापीच्या दिशेला लांब गेला... आणि वळला.

भूपेंद्रनं वर पाहिलं. चांदण्या होत्या. बाकी काही नव्हतं.

आवाज पुन्हा डोक्यावर आला. या वेळी कमी उंचीवरून. तो अर्ध्याच दिव्यांवरून गेला आणि पुन्हा वर चढला. मग परत आला. शोधत होता. आपल्या बापानं जे केलं तेच आपण केलं, अगदी तेच, हे तेव्हा भूपेंद्रच्या डोक्यात शिरलं. त्याला रडू फुटलं. तो सातव्या झारीपाशी गुडघ्यावर बसला आणि लायटर ओढला. पेटला नाही. पुन्हा ओढला. वात पोत्यानं भिजलेली. ठिणगी पडायची आणि विझायची.

आवाज सरकला. पट्टीवरून. नेपानगरच्या दिशेला.

“नको,” भूपेंद्र म्हणाला. “तिकडे नको. लावतो... लावतो मी...”

लायटर हातातून पडला. अंधारात तो जमीन चाचपायला लागला. खडी. गवत. खडी.

मान वर केली तेव्हा पट्टीच्या टोकाला दिवा दिसला.

बारावी झारी. जळत होती.

आधी त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, उखर्डू आला म्हणून. मग त्याला सुचलं की उखर्डू त्या बाजूनं येणार कसा? त्या बाजूला नुसता डोंगर.

अकरावी पेटली.

मधे पन्नास पावलांचं अंतर. कुणीतरी चालत होतं. सावकाश, घाई नसल्यासारखं. दहावी पेटली. ज्योत मोठी झाली तेव्हा तिच्या अलीकडे एक पाठ दिसली. वाकलेली. मग ती उजेडातून बाहेर आली आणि दिसेनाशी झाली.

“कोण आहे?”

वर आवाज वळला होता. परत येत होता.

नववी.

भूपेंद्रला उठायचं होतं. तो तसाच गुडघ्यावर राहिला. योगेंद्रच आला, विचारायला आला, एवढं एकच त्याच्या डोक्यात. कुणी विझवले म्हणून विचारेल. काय सांगायचं? आप्पांचं नाव सांगायचं की आपलं?

आठवी. पन्नास पावलं.

आता पावलं ऐकू येत होती. जुन्या डांबरावर चपला घासत... चाळीस. तीस. श्वास. म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा, छातीत सूं सूं करणारा. दहा.

त्यानं डोळे मिटले.

कुणीतरी त्याच्या समोर बसलं. दोन हातांच्या अंतरावर. गुडघा मोडल्याचा आवाज झाला. डिझेलचा वास. धुतलेल्या सुती कपड्याचा वास.

खर्र...

मिटलेल्या पापण्यांवर लाल उजेड आला. सातवी पेटली होती.

मग एक बारीकसा आवाज. कट्. एवढाच.

आणि काही नाही. समोर कुणीतरी बसलेलं होतं. बसूनच होतं. भूपेंद्रच्या तोंडून शब्द फुटला, त्याचा त्यालाच ओळखू आला नाही असा. “मी विझवले,” तो म्हणाला. “आज मी विझवले.”

वरचा आवाज खाली आला.

खाली. आणखी खाली. डोंगराच्या बाजूनं, बाराव्या झारीवरून. वारा आला. ज्योती एकामागून एक फडफडल्या, ते कानाला कळत होतं. अंगावरून डावीकडे... शेजारून... इतक्या जवळून की सदरा अंगाला चिकटला. धप. धप. चाकं. मग लांबत जाणारी घरघर. मग एकदोन आचके.

मग शांत.

किती वेळ, माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा बाराच्या बारा दिवे विझलेले होते. समोर कुणी नव्हतं. पट्टीवर काही नव्हतं. फक्त पहिल्या झारीच्या पलीकडून, अंधारातून, तापलेलं लोखंड थंड होताना करतं तसा आवाज येत होता. टिक... टिक... आणि दोन माणसं चालत लांब जात होती. एकाच्या पायात बूट होते. दुसऱ्याच्या चपला.

घड्याळात दहा वाजले होते.

मोटरसायकल त्या टोकालाच उभी होती. तिथं जायची त्याची छाती झाली नाही. केळीतून, पाटातून, धडपडत तो चांदनी स्टेशनावर पोचला आणि फलाटावरच्या बाकावर बसला. रश्मीला फोन केला. तिकडे सगळं ठीक होतं. कसला आवाज आला का, विचारलं. ती म्हणाली, कसला आवाज? घराबाहेर कुत्रं सुद्धा भुंकलं नाही. मग त्यानं ते छापायचं पान खिशातून काढलं आणि स्टेशनाच्या दिव्याखाली मागच्या कोऱ्या बाजूवर नवं लिहिलं. दिवे सवा आठला विझवले. आदेश कॉर्पोरल कौतिक यांचा. वैमानिक योगेंद्र दिशा चुकला नव्हता, तो दहापर्यंत पट्टीवर घिरट्या घालत होता. ‘कर्तव्यात एकदाही न चुकलेला’ हे सातव्या पानावरचं वाक्य काढून टाका, असंही खाली लिहिलं. फोटो काढून छापखान्याला पाठवला. वडिलांबद्दल असं लिहिताना हात जड झाला, हे त्यानं माझ्यापासून लपवलं नाही. पुस्तिका तशीच छापली गेली. माझ्याकडे एक प्रत आहे, बघायची असेल त्यानं उद्या उजेडी बघावी.

सकाळची पाळी त्यानं बुडवली. उजाडल्यावर तो उखर्डूला घेऊन पट्टीवर गेला. दोघांनी पहिल्या झारीपासून सुरुवात केली. पट्टीवर ना चाकाची खूण, ना बुटाची. दव मात्र जबर पडलं होतं. झाऱ्या ओल्या, पोतं ओलं, खडी ओली. सातव्या झारीपाशी लायटर पडलेला सापडला, तोही दवानं न्हालेला.

लायटरशेजारी आगकाडी होती. जळलेली. मधोमध मोडलेली. दोन्ही तुकडे नळीखाली शेजारी शेजारी ठेवलेले.

उखर्डू म्हणाला, “माझ्याकडं काडेपेटी नाही भाऊ. दोन साल झाले.”

भूपेंद्र आठव्या झारीकडे गेला. तिथं एक. नवव्या, दहाव्या, अकराव्या, बाराव्या, प्रत्येकीपाशी एक. मधोमध मोडलेली. पहिल्या सहांपाशी काही नाही.

विमानाच्या पेट्रोलजवळ काम करणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात, पोरांनो. काडी फुंकलीस की नुसती टाकू नकोस, बोटांनी मोड. मोडताना चटका बसला नाही, म्हणजे ती विझली. कौतिकरावांनी नोकरी सोडली, तुकडी मोडली, पण देवापुढे निरांजन लावलं तरी काडी मोडल्याशिवाय ते खाली ठेवायचे नाहीत. मथुराबाई रोज देवघर झाडताना कुरकुरायची.

भूपेंद्रनं सहाही काड्या उचलल्या. सगळीकडे दव होतं, म्हणाला, पण त्या कोरड्या होत्या.